समुद्रफुलाच्या बरणीवरचं नाव

आमच्या विभागाच्या संग्रहालयात तीनशेच्या वर बरण्या आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त माझ्या हातच्या. तारामासे, गोगलगायी, जेलीफिश. लेबलावर प्राण्याचं नाव, कुठे सापडला, कधी सापडला आणि खाली ‘तयार करणारे’ म्हणून विभागप्रमुखांचं नाव. विभागप्रमुखांनी जन्मात एक गोगलगाय बरणीत घातली नसेल, पण ते असो. रीतच तशी आहे.

सध्याचे विभागप्रमुख म्हणजे माझा धाकटा भाऊ. आई गेल्यावर मी कॉलेज सोडून इथे प्रयोगशाळेत चिकटले आणि तो शिकला. चिमटा कसा धरायचा हेही त्याला मीच शिकवलं, याच टेबलावर. चारचौघांत तो मला ‘बाई’ म्हणतो. काम अडलं की ‘ताई’.

निवृत्तीला महिना उरला तेव्हा मी एकदाचं तोंड उघडलं. एका बरणीवर माझं नाव घाल म्हटलं, फक्त एका. तो म्हणाला, नव्या दालनासाठी समुद्रफूल करून दे, मधल्या कपाटात तुझ्या नावाने ठेवू. मी इतकी हुरळले की घरी जाऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

समुद्रफूल हे काही फूल नव्हे, खडकाला चिकटून राहणारा प्राणी. पाण्यात शंभरेक बोटं पसरून बसतो, पण जरा धक्का लागला की सगळी आत ओढून त्याचा गोळा होतो. तशात प्राणी टिकवायचं फॉर्मालिन ओतलं तर तो कायमचा गोळाच. म्हणून आधी त्याला गुंगी आणायची. पाण्यावर मेंथॉलचे खडे टाकायचे, झाकण ठेवायचं आणि दहा-बारा तास गप्प बसायचं. मग सुईचं टोक एका बोटाला हलकेच लावून बघायचं. हललं, तर अजून थांबायचं. हा धडा माझा भाऊ दर वर्षी वर्गात शिकवतो.

ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभं राहून मी एक मिळवलं, शेंदरी, तळहाताएवढं. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सहाला खडे टाकले. समारंभ संध्याकाळी सहाला, म्हणजे वेळ अगदी बेताचा. दुपारी दोनला सुई लावली तर बोट हललं. तेवढ्यात भाऊ आला. फोटोवाला खोळंबलाय, आत्ताच बरणीत घाल म्हणाला. मी नाही म्हटलं. त्यावर तो गोड बोलायला लागला. बरं, राहू दे, तोवर दालनातल्या काचांवर एक फडकं मारून येतेस का, तुझ्यासारखं दुसऱ्या कुणाला जमत नाही. मी गेले. इतकी वर्षं त्याला ओळखते, तरी गेले.

परत आले तेव्हा दारातच फॉर्मालिनचा वास आला. भांड्याच्या तळाशी उकडलेल्या बटाट्यासारखा एक गोळा पडला होता.

“झोपलं होतं गं ते,” भाऊ म्हणाला.

“सुई लावलीस?”

त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि फोटोवाल्याला हाक मारली.

मला वाटलं, आता ही बरणी मांडणार नाहीत. पण मधलं कपाट रिकामं कसं ठेवणार? संध्याकाळी पाहुणे नेमके तिथेच थांबले आणि हे काय म्हणून विचारलं. भावाने क्षणाचाही विलंब लावला नाही.

“आमच्या बाईंनी केलंय. निवृत्त होतायत त्या. जरा घाई झाली त्यांची.”

पाहुणे माझ्याकडे बघून समजुतीने हसले. मी तोंड उघडलं असतं तर भावाची सगळ्यांदेखत शोभा झाली असती. लहानपणापासून त्याला पाठीशी घालायची सवय जडलेली. मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आजही किळस येते.

नवरा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, पाहुण्यांच्या मागेच उभा होता. त्याने लेबलावरचं माझं नाव वाचलं, मग वाकून बरणीत पाहिलं. घरी जाताना कोपऱ्यावर त्याने हळूच विचारलं, “एवढी कसली घाई झाली होती तुला?”