चौथ्या प्रकरणातली चिठ्ठी

नऊ वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला सरांनी उत्तर दिलं नव्हतं. घराला रंग द्यायचा म्हणून पुस्तकांचं कपाट रिकामं करताना ते पत्र मानसशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकातून, नेमकं चौथ्या प्रकरणातून, जमिनीवर पडलं. वाकण्याआधीच सरांनी अक्षर ओळखलं.

अक्षर 'प्रश्नचिन्हा'चं होतं. सर कॉलेजात शिकवत तेव्हा ही तिसऱ्या बाकावर बसायची. तास संपला तरी हिचे प्रश्न संपत नसत, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव.

मनाच्या आजारांचा विषय सुरू करायची सरांची एक पद्धत होती. पहिल्या दिवशी प्रत्येकाने, नाव न घालता, एक चिठ्ठी लिहायची. आपली अशी एक सवय, जी बाहेर कळली तर लोक वेड्यात काढतील. मग सर एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचत. कुणी पायऱ्या मोजल्याशिवाय जिना चढत नसे, कुणी मेलेल्या मांजराशी गप्पा मारी, एकाला लिफ्टचं दार बंद झालं की दरदरून घाम फुटे. वर्ग पोट धरून हसे. हसू ओसरलं की सर हळूच म्हणत, "आता सांगा, यातला आजारी कोण? विचित्र वाटलं म्हणजे आजार नव्हे. त्या सवयीचा माणसाला जाच होतो का, रोजचं काम अडतं का, ते बघायचं."

काय दिवस होते ते! बाहीवर खडूची धूळ, खिडकीतून आडवं येणारं ऊन. चौथ्या प्रकरणापर्यंत निम्म्या वर्गाला पुस्तकातले निम्मे आजार स्वतःत सापडलेले असत. "सर, मला तर सगळेच आहेत हो!" एक जण रडकुंडीला येऊन म्हणाला होता. "परीक्षा होऊ दे, सगळे जातील," सर म्हणाले होते. वेळेवर सुचलेला त्यांचा हा आयुष्यातला एकुलता एक विनोद. तोही कुणाला लागला तर नसेल, ही रुखरुख आठवडाभर होतीच.

त्यांनी पत्र उलगडलं.

'सर, माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. हात धुऊन धुऊन तिची कातडी सोलवटलीय. डॉक्टरांचे उपचार चालू आहेत, पण ती म्हणते, असं जगात फक्त मलाच होतं. तुमच्या चिठ्ठ्यांत एक होती: कुलूप लावलं का ते बघायला मी कोपऱ्यावरून चार-चारदा परत येतो. सगळे हसले, तुम्ही हसला नाहीत. ती तुमची होती का? असेल तर तिला सांगू?'

त्यांचीच होती. उत्तर त्याच दिवशी लिहून झालं होतं. पाकीट चिकटवलं आणि वाटलं, भलतंसलतं काही लिहिलं गेलं तर नाही? फोडलं, वाचलं, नव्या पाकिटात घातलं. पुन्हा फोडलं. अकरा पाकिटं झाली. बारावं आणायला दुकानात जायची लाज वाटली.

"अजून तिथेच?" बायको फडकं घेऊन आत आली. हातातलं पत्र बघून तिला काही विचारावं लागलं नाही. "वर्गाला उपाय शिकवायचात ना? लोका सांगे ब्रह्मज्ञान!"

शिकवायचे खरे. फळ्यावर डोंगर काढून सांगायचे: परत जाऊन बघायचं नाही. जीव कासावीस होईल, होऊ द्यायचा. चढते तशी ती कासाविशी उतरतेही. आणि घरच्यांनी 'सगळं ठीक आहे' म्हणून दर वेळी धीर द्यायचा नाही, त्याने दुखणं पोसतं. स्वतः मात्र ते कधी डॉक्टरांची पायरी चढले नव्हते. मास्तरच आजारी म्हटल्यावर मुलं काय म्हणतील?

"ती पोर आता पंचविशीची असेल," सर पुटपुटले. "बरीही झाली असेल."

"मग तेच विचारा. अहो, उशीर झालाय, गुन्हा नाही."

सर बसले. लिहिलं: 'ती चिठ्ठी माझीच. तुझ्या मुलीला सांग, ती एकटी नाही. ती डॉक्टरांकडे गेली, मी गेलो नाही. म्हणजे ती माझ्याहून शहाणी. उत्तराला नऊ वर्षं लागली ती याच दुखण्यापायी. ती कशी आहे, कळव.'

"पाकीट एकच आहे हं," बायको म्हणाली. "बाकीची शेजारी देऊन आले."

सरांनी पाकीट चिकटवलं. "पेटीपाशी मी काही विचारलं, तर उत्तर देऊ नकोस."

"चाळीस वर्षं देतेय. आज सुट्टी."

कोपऱ्यावरची टपालपेटी दोनशे पावलांवर होती. पेटीच्या तोंडाशी हात थबकला. मागून एक बाई आपलं पत्र घेऊन उभी राहिली, खाकरली. सरांनी बोटं सोडली. आत टप् असा आवाज झाला.

लगेच छातीत धडधडायला लागलं. "अगं, पत्ता... घराचा नंबर बरोबर घातलाय ना मी?"

बायकोने ओठ घट्ट मिटले आणि समोरच्या दुकानातल्या बादल्या बघू लागली.

सर धडधड उतरायची वाट बघत उभे राहिले. मग बऱ्याच वेळाने, कपाळ पुसत म्हणाले, "चल. कपाट अर्धंच रिकामं झालंय."