नको म्हणायला शिकलेला तक्क्या

तक्क्या कान खाजवायला लागला की शेजारच्या कपाटाची दारं थरथरायची. लांबट, गुबगुबीत आणि सतत भिंतीला टेकलेला, म्हणून खारूने त्या कुत्र्याचं नाव तक्क्या ठेवलं होतं. खारू ही घरातली एकुलती एक मुलगी. तक्क्या तिच्याच पलंगावर झोपायचा, त्यामुळे चादरीवर रोज सकाळी रक्ताचे बारीक ठिपके दिसत. पंजे चाटून चाटून लाल झाले होते, कानाच्या आतली कातडी सोलली होती.

चादरी आई धुवायची. एके दिवशी तिने बादली खाली ठेवली आणि म्हणाली, “आता डॉक्टर सांगतील ते शेवटचं करून बघू. त्यानेही उतार पडला नाही, तर तक्क्या मावशीकडे. तिचं अंगण मोठं आहे.”

“अंगणात खाज येत नाही का?” खारूने विचारलं.

“येते. मला दिसत नाही.”

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी तक्क्याचे कान उलटे करून पाहिले. मग खारूला नीट कळेल अशा बेताने सांगितलं, “काही कुत्र्यांच्या शरीराला एखादं अन्न शत्रू वाटायला लागतं. बहुतेक वेळा रोजच्या खाण्यातलंच. कोंबडी, दूध, गहू, काहीही असू शकतं. कोणतं ते नुसतं बघून कळत नाही. म्हणून आधी सगळंच बंद करायचं आणि याने कधीच न खाल्लेलं काहीतरी द्यायचं. दोन महिने फक्त तेच. खाज थांबली की जुने पदार्थ एकेक करून परत द्यायचे. ज्याच्यामुळे खाज परत येईल, तो आपला चोर.”

तक्क्याने मासा कधी खाल्ला नव्हता. तेव्हा उकडलेला मासा आणि रताळं ठरलं. “बाकी एक कणसुद्धा नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“ते माझ्यावर सोडा,” बाबा म्हणाले.

बाबा एका मोठ्या कंपनीत प्रशिक्षण अधिकारी होते. माणसांना चांगल्या सवयी कशा लावाव्यात हे ते दिवसभर शिकवत आणि संध्याकाळी घरी येऊन बूट वाटेतच काढत.

पहिल्याच आठवड्यात आजोबा सापडले. आजोबा म्हणजे आईचे वडील. न्याहारीच्या वेळी त्यांचा हात पावाची कड घेऊन टेबलाखाली चालला होता.

“जावईबापू, त्याने माझ्याकडे बघितलं हो,” ते म्हणाले.

“मग?”

“मग काय. आपण काय दगडाचे आहोत?”

बाबा रागावले नाहीत. त्यांना यात संधी दिसली. देणारे हात कुणाकुणाचे धरणार? त्यापेक्षा घेणाऱ्यालाच नको म्हणायला शिकवलेलं बरं, असं त्यांनी जेवणाच्या टेबलाशी उभं राहून समजावलं. ऐकणारे तिघे आणि कुत्रा बसूनच होते.

पद्धत सोपी होती. तक्क्यासमोर पावाचा तुकडा धरायचा. त्याने तोंड फिरवलं की ‘शाब्बास’ म्हणायचं आणि लगेच एक छोटं बिस्किट द्यायचं. चांगल्या वागण्याला तत्काळ बक्षीस. बाबांच्या कंपनीत माणसांना टाळ्या मिळत, पण कुत्र्याला टाळ्यांचं सोयरसुतक नसतं.

तक्क्या हुशार निघाला. संध्याकाळपर्यंत तो पाव नाकारायला शिकला, दुसऱ्या दिवशी लोणी, त्याच्या पुढच्या दिवशी भाजलेली कोंबडी. मान अशी वळवायचा की जणू आयुष्यभर त्याने उपासच केले आहेत. आजोबांच्या कोटाच्या खिशात आता पावाऐवजी बिस्किटं खुळखुळू लागली. त्यांची भूतदया आणि बाबांची शिस्त, दोन्हींची एकदमच सोय झाली होती.

थोड्याच दिवसांत तक्क्या स्वतःहून काम मागू लागला. स्वयंपाकघरातून पावाची पिशवी तोंडात धरून आणायची, आजोबांच्या पायाशी ठेवायची, समोर बसायचं आणि तोंड फिरवायचं. बाबांनी त्यांच्या साहेबांना जेवायला बोलावलं ते खास हे दाखवायला. साहेबांनी स्वतःच्या ताटातली तंगडी पुढे केली. तक्क्याने भिंतीकडे पाहिलं. साहेब उठून टाळ्या वाजवायला लागले. “आमच्या खरेदी विभागाला हे शिकवता येईल का?” त्यांनी विचारलं.

खारू मात्र कान बघत होती. ते तसेच लाल होते.

“बाबा, तो मासा अर्धा टाकून देतो.”

“बघ, किती संयम आला.”

“आणि खाजवतो तेवढाच.”

“शिक्षणाला वेळ लागतो, खारू.”

आईने मावशीला फोन केला. गाडी घेऊन कधी येतेस, एवढंच विचारलं. खारू तक्क्याच्या पाठीवर हात ठेवून ते बोलणं संपेपर्यंत बसून राहिली.

दोन महिने झाल्यावर सगळे दवाखान्यात गेले. तक्क्याला काट्यावर चढवलं. डॉक्टरबाईंनी आकडा वाचला, काटा हलवून पाहिला, पुन्हा वाचला. “मासा आणि रताळ्यावर एवढा फुगला?”

“बाकी काही खातच नाही,” बाबा म्हणाले. “हे बघा.” त्यांनी डब्यातून कोंबडीचा तुकडा काढून धरला. तक्क्याने मान वळवली. बाबांनी बिस्किट दिलं. तक्क्याने ते गिळलं.

डॉक्टरबाईंनी तक्क्याच्या तोंडाकडे बोट दाखवलं. “हे काय दिलंत?”

“हे बक्षीस.”

“ते कुठे जातं?”

बाबांनी तक्क्याच्या पोटाकडे पाहिलं. आजोबांनी हळूच खिशावर हात ठेवला, पण खिसा वाजलाच. बिस्किटांच्या पाकिटावर काय लिहिलंय ते खारूने सगळ्यांना वाचून दाखवलं. गहू, दुधाची पावडर, कोंबडी.

“चला,” आई उठली. “झालं ना करून?”

“नाही झालं,” खारू म्हणाली. “तू म्हणालीस डॉक्टर सांगतील ते करून बघू. ते आपण केलंच कुठे? एक दिवससुद्धा नाही केलं.”

आई पुन्हा बसली. तिने बाबांकडे पाहिलं, मग आपल्या वडिलांकडे, आणि शेवटी तक्क्याकडे. त्यांच्यात तोच त्यातल्या त्यात कमी गुन्हेगार होता. “पुन्हा दोन महिने,” ती म्हणाली. “पण सगळं खारूच्या हातात. तुम्ही दोघं लांब.”

घरी आल्यावर नवीनच पंचाईत झाली. खारूने मासा-रताळ्याचं ताट ठेवलं. तक्क्याने ताटाकडे पाहिलं, मग जमलेल्या मंडळींकडे, आणि तोंड फिरवून वाट बघत बसला. नको म्हटल्यावर काहीतरी मिळतं, हे तो शिकला होता. काय खायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

“शाब्बास,” बाबांच्या तोंडून सवयीने निघालं.

“बाबा, बाहेर,” खारू म्हणाली. “आजोबा, तुम्हीपण. आई, तूही.”

“मी काय केलं?”

“तू बघतेयस.”

सगळे बाहेर गेले. खारू तक्क्याकडे पाठ करून भिंतीशी बसली आणि पुस्तक वाचू लागली. मागे खूप वेळ काहीच हललं नाही. तक्क्याने एकदा तिच्या पाठीला तोंड फिरवून दाखवलं, पण पाठीला काय दिसणार? मग हळूहळू ताट सरकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ चाटल्याचा.

त्यानंतर घरात रोज असंच चाललं. तक्क्याचं जेवण झालं, की मग बाकीच्यांना आत यायची परवानगी. सगळ्यांच्या कपड्यांना माशांचा वास लागला. साहेबांनी एकदा फोनवर तक्क्याची चौकशी केली, तेव्हा बाबांनी विषय बदलला.

आधी पंजे वाळले. मग कानांवर नवी कातडी आली. एक दिवस आईने पलंगावरची चादर ओढली, उजेडात धरली आणि धुवायला न टाकता पुन्हा घातली. मग मावशीला फोन करून सांगितलं, “ये, पण रिकामीच जा.”

पुढे खारूने जुने पदार्थ एकेक करून परत दिले. गव्हाने काही झालं नाही, दुधानेही नाही. कोंबडीने दोन दिवसांत कान लाल केले, आणि चोर सापडला.

त्या संध्याकाळीही दार लोटलेलंच होतं. बाबा बाहेर उभे राहून ताट चाटल्याचा आवाज ऐकत होते. टाळ्या वाजवायला त्यांचे हात आपोआप वर आले. शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी ते धरले आणि खाली घेतले.

“जावईबापू,” ते कुजबुजले, “तो जेवतोय.”