पूर कुणाकडे

मंत्र्यांची यादी टाइप करणाऱ्यांना कोंडून ठेवतात, हे सासूबाईंना कधी पटलंच नाही. "नावं बदलणार ते आणि कोंडणार तुम्हाला?" असं त्यांचं म्हणणं.

पण रीत तशीच आहे. फेरबदल व्हायचा असला की आमच्या शाखेतले तिघं सकाळीच त्या खोलीत जातात, फोन पहारेकऱ्याकडे देतात, आणि शेवटची यादी पाकिटात जाईपर्यंत दाराला बाहेरून कुलूप. आत एकच फोन, तोही फक्त पंतप्रधानांच्या कचेरीत लागणारा. नाव आधी फुटलं तर माणसं फुटतात, म्हणून हा बंदोबस्त.

माझी बाळंतपणाची रजा संपून चार दिवस झाले होते. ठकी सहा महिन्यांची. बाटली दिसली की ओठ असे मिटते, जणू कुणीतरी शिवलेत. सकाळी आठला तिला पाजलं आणि म्हटलं, "एकपर्यंत येते." सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या हातात आहे का ते?"

नव्हतंच. खोलीत साहेब, मी आणि शिपाई मावशी. यादीत खाडाखोड चालत नाही. एक नाव बदललं तरी सगळं पान नव्यानं टाइप करायचं आणि जुनं मावशींनी कापायच्या यंत्रात घालायचं. बदल घेऊन येतो तो उपसचिव. त्याला आम्ही खोडरबर म्हणतो, कारण तो आला की कुणीतरी पुसलं जातं.

त्या दिवशी खोडरबर अकरापर्यंत चारदा आला. अर्थखातं हवं म्हणून एक रुसला, त्याला दिलं तर दुसरा रुसला, दुसऱ्याची समजूत काढायला तिसऱ्याचं वीजखातं काढलं.

"पाच बहिणींच्यात एक आरसा असावा तसं चाललंय," साहेब म्हणाले.

"बहिणी बऱ्या हो," मावशी पान यंत्रात घालत म्हणाल्या. "त्या निदान आळीपाळीनं बघतात."

मी हसले, पण लक्ष घड्याळात होतं. आता तिची झोप झाली असेल. आता दाराकडे बघत असेल. बारा वाजता छाती दगडासारखी झाली. मावशींनी मला आतल्या मोरीपाशी नेलं आणि पाठ करून दारात उभ्या राहिल्या. "पिळून टाक, नाहीतर ताप भरेल." मी नळ मोठा सोडला. घरी एक जीव उपाशी, आणि इथे त्याचं जेवण पाण्याबरोबर चाललेलं.

बाहेर आले तर खोडरबर चिठ्ठी घेऊन उभा. "ही शेवटची. शेतीला नवा माणूस. वरून होकार आलाय. लवकर करा, पाचला शपथ आहे."

मी धडाधड टाइप केलं. एक वाजून दहा मिनिटं. एरवी साहेब खात्यांची छापील सूची मोठ्यानं वाचतात आणि मी खुणा करते. आज त्यांनी सूची उचललीच नाही. "चारदा जुळलीय की," म्हणाले. खोडरबरनं पान पाकिटात घातलं, पहारेकऱ्याला हाक मारली. कुलपात किल्ली फिरली. मी पर्स खांद्याला लावली.

आणि माझ्या बोटांना आठवलं. मागच्या चार पानांवर त्या ओळीला मी 'शेती व पूरनिवारण' टाइप केलं होतं. या वेळी नुसतं 'शेती'.

चूक माझी असती तर किती बरं. टेबलावरची चिठ्ठी पाहिली. तिच्यावरही नुसतं 'शेती'. म्हणजे पूर कुणाचाच नव्हता. इतक्या ओढाताणीत तो सगळ्यांच्या हातांतून खाली पडला होता आणि कुणाला आवाजही आला नव्हता.

दार उघडं होतं. घर चालत वीस मिनिटांवर. उद्या कुणाच्या तरी लक्षात येईलच, मी स्वतःला म्हटलं. उद्या नदीला पाणी थोडंच येणार आहे. पण आलं तर होड्या सोडायच्या हुकमावर सही कुणाची? तेव्हा काठावर कुणाच्या तरी कडेवर कुणीतरी असेलच.

"साहेब," मी म्हटलं, "पूर राहिला."

खोडरबरनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू पूर मीच आणला होता. साहेबांनी सूची काढली, बोट फिरवलं, चष्मा काढला. मावशी हळूच म्हणाल्या, "पोरी, दोन मिनिटं उशिरा आठवलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"नव्या शेतीवाल्यांनाच द्या की," मी साहेबांना म्हटलं.

"देणारे आपण कोण? विचारावं लागेल."

कुलूप पुन्हा लागलं. साहेबांनी फोन केला. नव्या शेतीवाल्यांनी कळवलं, नुसती शेती ठरली होती, पूर गळ्यात मारणार असाल तर मी शपथच घेत नाही. मग घरबांधणीवाल्यांना विचारलं, त्यांनी रस्तेवाल्यांकडे बोट दाखवलं. मी आणखी दोनदा मोरीवर जाऊन आले. दुसऱ्या खेपेला मावशींनी डोळे पुसायला पदर पुढे केला. शेवटी चारला पूर बंदरखात्याला मिळाला, कारण ते मंत्री त्या वेळी विमानात होते आणि नाही म्हणायला जमिनीवर नव्हते.

साडेचारला सुटले. फोन हातात आला, पण लावायचा धीर झाला नाही. रस्ताभर दुकानांतल्या रेडिओवर यादी ऐकू येत होती. मी जवळजवळ पळत होते.

दारातच सासूबाई. "ओरडू नकोस. रडून रडून आत्ता डोळा लागलाय."

"काही घेतलं?"

"वाटीचमच्यानं चार चमचे. पाचवा माझ्या अंगावर."

मी पाळण्याशी बसले. ठकी जागी झाली, माझ्याकडे पाहुणीकडे बघावं तसं बघत राहिली, आणि तोंड फिरवून तिनं आजीकडे हात पसरले. सासूबाईंनी तिला उचललं आणि माझ्या मांडीत ठेवलं. क्षणभर ती तशीच राहिली. मग प्यायला लागली, मध्येच हुंदके देत, माझ्या ब्लाउजचा काठ मुठीत गच्च धरून.

"झालं का तुमचं सरकार?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं."

"टिकेल ना?"

मी मूठ सोडवून पाहिली. ती सुटेना.

"ते बंदरवाले आता विमानातून उतरले असतील," मी म्हटलं.