ब्रेकची तार

माझ्या धाकट्या भावाला सगळे रॉकेट म्हणतात. ते नाव त्याला आवडतं, तिथेच सगळं बिनसलं. हॉटेलच्या पार्सल खिडकीत मी पिशव्यांना गाठी मारते आणि तो व माझा नवरा त्या घरोघर पोचवतात. दोघांच्याही सायकली बॅटरीवरच्या. नवऱ्याची नियमात बसणारी, म्हणजे रॉकेटच्या भाषेत गोगलगाय. रॉकेटने मात्र एका मेकॅनिकला गाठून आपल्या सायकलीची वेगमर्यादा काढून टाकली होती. अशी सायकल रस्त्यावर आणायला बंदी आहे, पण पार्सल उशिरा पोचलं की कंपनी ऑर्डरी देणं कमी करते. त्यामुळे निम्मी पोरं हाच उद्योग करतात आणि पोलीस दिसला की पायडल मारल्याचं नाटक करतात.

खिडकीशी या पोरांची एक रीत आहे. पार्सल हातात आणि बॅटरी संपलेली, तर ज्याची सायकल चार्ज असेल तिच्यावर टांग टाकायची आणि सुटायचं. विचारत बसायचं नाही. मला त्याचं केवढं कौतुक होतं.

त्या दुपारी नवरा रॉकेटची सायकल घेऊन निघाला.

"दाजी, जपून हं, लई पळते!" रॉकेट तोंडात घास असतानाच ओरडला. नवऱ्याने मागे न बघता हात हलवला.

शाळेपुढच्या वळणावर एक निवृत्त शिक्षिका रस्ता ओलांडत होत्या. नवऱ्याची त्यांना धडक बसली. त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, याचं मनगट.

तेव्हापासून घरात माणूस असून नसल्यासारखा. "मी ब्रेक दाबला होता गं," म्हणायचा आणि लगेच स्वतःच स्वतःला खोडून काढायचा, "उशिरा दाबला असणार." पोलिसांनाही त्याने तेच सांगितलं. कबूल करणारा समोर असताना सायकल कोण खोलून बघतो? प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून तो बाईंकडे जायचा, त्यांची भाजी, औषधं आणून द्यायचा. बाई दर वेळी विचारायच्या, "तुम्ही मला पाहिलं होतंत ना? मग थांबला का नाहीत?" हा मान खाली घालून म्हणायचा, "चुकलं माझं."

रॉकेट मात्र आमच्याकडे फिरकेना. एरवी आमटीला उकळी फुटायच्या आत दारात हजर असणारा प्राणी. शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी त्याची खोली गाठली. सायकल दुरुस्त होऊन आली होती आणि हा उकिडवा बसून ब्रेकपाशी एक तार जोडत होता.

"काय चाललंय?"

"काही नाही, ताई."

"काही नाही म्हणताना तुझे कान लाल होतात. बोल."

त्याने पक्कड खाली ठेवली. "ब्रेक दाबला की मोटर आपोआप बंद होते ना, ती ही तार. पावसाचं पाणी आत गेलं की उगाच मोटर बंद पाडायची, म्हणून मी काढून टाकली होती. मला सवय झाली होती, ताई. मी आधी वेगाची मूठ सोडतो, मग ब्रेक दाबतो. पण दाजी..."

दाजी मूठ सोडत नाही. त्याच्या गोगलगाईवर नुसता ब्रेक दाबला की भागतं. त्याने ब्रेक दाबला आणि मोटर त्याला पुढे ढकलतच राहिली.

"पळते एवढं सांगितलं मी," रॉकेट म्हणाला. "थांबत नाही, ते सांगायचं राहिलं."

दोन थोबाडीत ठेवून द्याव्यात असं वाटलं, पण तो आधीच हमसून रडायला लागला होता. त्याला तसाच सायकलीसकट घरी आणला.

नवऱ्याचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. रॉकेट सांगत होता ते सगळं तो दारात उभा राहून ऐकत होता.

"दाजी, तुम्ही वेळेवरच ब्रेक दाबला होता," रॉकेट म्हणाला.

मला वाटलं, आता हा उसळेल, शिव्या घालेल आणि मोकळा होईल. तो एवढंच म्हणाला, "बाईंना हे तू सांगायचंस."

"सांगतो. पोलिसांकडेही जातो. पण दाजी, तार जोडलीय मी. आता मर्यादासुद्धा घातलीय. एकदा बसून तर बघा. तुमची काही चूक नव्हती हो."

नवरा बसला. सायकल चालू केली, मूठ धरली. मूठ फिरेना. बोटं ब्रेकवर अशी आवळली होती की पेरं पांढरी पडली.

"कळलं रे मला," तो म्हणाला. "हाताला कळत नाही."

रॉकेटला ती बोटं एकेक करून सोडवावी लागली. नवऱ्याने सायकल त्याच्या हाती दिली, चपला घातल्या आणि तो बाईंच्या घराकडे चालत निघाला.