डावा गाल

लेकीनं बोटांवर क्रीम घेतलं आणि कपाळापासून सुरुवात केली. कपाळ, नाक, दोन्ही गाल, हनुवटी. थर जाडसर झाला तेव्हा त्यावर पातळ प्लॅस्टिकचा कागद बसवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"पाऊण तास. तोवर सगळं बधिर होईल. मधे बोलायचं नाही."

"बोलायला आहे कोण इथं?" प्लॅस्टिकखालून सिस्टर म्हणाल्या.

त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. चौतीस वर्षं इस्पितळात लोकांना सुया टोचून त्या निवृत्त झाल्या, त्यालाही आता आठ वर्षं होऊन गेली होती. पण गल्लीत, दुकानात, घरातसुद्धा नाव तेच राहिलं. नवराही सिस्टरच म्हणायचा, आधी चेष्टेनं आणि मग सवयीनं. तो जाऊन सात महिने झाले होते.

त्या सात महिन्यांत सिस्टर एकदाही रडल्या नव्हत्या. लोक म्हणाले, धीराची बाई. थोरल्या नणंदेनं तर तोंडावरच सांगितलं, "तू एवढी मरणं बघितलीस, तुला काय त्याचं!" सिस्टरांनी तिच्यापुढे चहा ठेवला होता आणि साखर पुरे का, एवढं विचारलं होतं. रडू दाबून धरलंय, असंही नव्हतं. दाबायला आत काही सापडतच नव्हतं. जेवायचं, गोळी घ्यायची, टीव्ही लावायचा, बंद करायचा. लेक रोज फोन करून विचारायची, "कशी आहेस?" आणि त्या म्हणायच्या, "आहे."

म्हणूनच गेल्या आठवड्यात लेक म्हणाली, "आई, मला दोन तास तुझा चेहरा पाहिजे," तेव्हा त्यांनी का म्हणूनही विचारलं नाही.

"ने की. मला तरी त्याचं काय काम पडतंय?"

कारण मग लेकीनंच सांगितलं. ती जिथं काम करायची त्या स्किन क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी एका कंपनीकडून लाल उजेडाचा दिवा महिनाभर वापरून बघायला आणला होता. डाग-खड्डे भरून यावेत म्हणून चेहऱ्यावर बारीक सुया चालवून घेतल्या की दोन-तीन दिवस कातडी लाल होते, सुजते. बायका तोंड लपवून बसतात. सुयांच्या मागोमाग उजेड दिला तर चेहरा लवकर निवळेल, असं लेकीनं कुठं कुठं वाचलं होतं आणि तेच ती डॉक्टरांपाशी लावून धरत होती. डॉक्टरांना पटत नव्हतं. "दाखव मला," ते म्हणाले होते. तेव्हा असं ठरलं, की सुया सगळ्या चेहऱ्यावर, पण उजेड फक्त उजव्या अर्ध्यावर. डावा अर्धा काळ्या कापडाखाली. तिसऱ्या दिवशी फोटो. फरक दिसला तर दिवा राहील आणि दिव्याची खोली लेकीच्या ताब्यात येईल. नाही दिसला तर दिवा परत, आणि लेक पुन्हा पुढच्या टेबलावर, वाकून लोकांच्या भुवया कोरायला. अकरा वर्षं तिनं तेच केलं होतं. पस्तिसाव्या वर्षी तिची मान सकाळी सरळ होत नव्हती.

सिस्टरांच्या दोन्ही गालांवर लहानपणच्या कांजिण्यांचे खड्डे होते, इकडे तिकडे अगदी सारखे. असा चेहरा शोधूनही मिळाला नसता.

पाऊण तासानं लेकीनं क्रीम पुसून काढलं. टोकाला सुया बसवलेलं विजेचं पेन गुणगुणू लागलं.

"सुई केवढी?"

"दीड मिलिमीटर."

"एवढीशी? माझ्या सुयांना कळलं तर लाजेनं वाकतील."

"आई, गप्प. ओठाजवळ आलेय मी."

सिस्टरांना गालावर नुसता दाब कळत होता. काम दुसऱ्याच कुणाच्या चेहऱ्यावर चाललंय आणि आपण शेजारच्या खाटेवर पडलो आहोत, असं. लेक गाल ताणून धरत होती, पेन आडवं फिरवत होती, मग उभं, मग तिरकं. मधेच थांबून कापसानं रक्ताचे टिपके उचलत होती. सिस्टरांनी तिचा हात निरखला. हात चांगला होता. घाई नव्हती, भीतीही नव्हती. हे तिला सांगावं असं त्यांच्या मनात आलं. पण तोंड उघडेपर्यंत ते येऊन गेलंही.

"क्रीमनं छान काम केलंय," लेक म्हणाली. "तू जरासुद्धा हलली नाहीस."

सिस्टर छताकडे बघत राहिल्या.

मग डोळ्यांवर काळा चष्मा आला. कमानीसारखा दिवा खाली ओढला गेला. लेकीनं दुहेरी घडीचं काळं कापड डाव्या गालावर, बरोबर नाकाच्या रेषेपर्यंत ठेवलं आणि दोनदा नीट केलं.

"हे हलू द्यायचं नाही, काय वाट्टेल ते झालं तरी. वीस मिनिटं. मी पलीकडे एकीच्या भुवया उरकून येते."

दार लोटल्याचा आवाज झाला. दिव्याची बारीक घरघर तेवढी राहिली.

थोड्या वेळानं उजव्या गालाला ऊब कळली. उन्हाची नव्हे, शेगडीचीही नव्हे. त्याहून पुष्कळ हलकी. कुणी हाताची मागची बाजू अलगद टेकवावी, इतपत.

नवरा हात तसाच टेकवायचा. रात्रपाळी संपवून त्या सकाळी घरी येऊन आडव्या व्हायच्या, भिंतीकडे पाठ करून, उजव्या कुशीवर. तो कामावर निघण्याआधी डबा काखेत धरून वाकायचा आणि वर राहिलेल्या डाव्या गालाला हाताची मागची बाजू लावायचा.

"काय करताय?"

"ताप बघतोय."

"नर्स मी आहे ना?"

"म्हणून तर. नर्सचा ताप बघायचा कुणी?"

हा विनोद त्यानं लग्नाच्या पहिल्या वर्षी केला आणि पुढं सदतीस वर्षं शब्दही न बदलता करत राहिला. सिस्टर हात झटकून टाकायच्या. "झोपू द्या हो." शर्टाच्या बाहीला इस्त्रीचा वास यायचा.

उजवा गाल उबेत होता. डाव्याला काहीच नव्हतं.

चौतीस वर्षांत त्यांनी कुणालाही वेळेआधी पट्टी सोडू दिली नव्हती. एका पोलिसाला त्यासाठी सगळ्या वॉर्डादेखत झापलं होतं. सिस्टरांनी चादरीखालून हात काढला, कापडाचं टोक धरलं आणि ते उचलून छातीवर ठेवलं.

वीस मिनिटं त्यांना घड्याळाशिवाय कळत. दिवा बंद होण्याच्या जरा आधी कापड पुन्हा जागेवर होतं, नाकाच्या रेषेला बरोबर.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना खिडकीपाशी बसवलं, भिंग लावून आधी एक गाल बघितला, मग दुसरा. फोटो शेजारी शेजारी लावले. लेक मागं हात बांधून उभी होती.

"काकू, तुमची कातडी म्हणजे कमाल आहे. दोन्हीकडे मस्त निवळलंय." मग ते लेकीकडे वळले. "दोन्हीकडे सारखंच. म्हणजे हे आपोआप झालं, उजेडानं नाही. शनिवारी कंपनीचा माणूस येईल. दिवा बांधून ठेव."

"बरं," लेक म्हणाली.

दिव्याच्या खोलीत येऊन ती वायर गुंडाळायला लागली. सिस्टर दाराशी उभ्या राहिल्या.

"कापड मी काढलं होतं."

लेकीचा हात थांबला नाही. "माहितीये."

"माहितीये?"

"ती भुवयांवाली आलीच नाही. मी लगेच परत आले होते. दारातून दिसलं."

"मग दटावायचं मला! पुन्हा ठेवायचं होतंस जागेवर. तुझी एवढी मेहनत..."

"जमलं नाही."

"आणि आत्ता? डॉक्टरांना सांगायला तोंड नव्हतं?"

"काय सांगू? पेशंटनं कापड काढलं आणि मी दारात उभी राहून बघत बसले?" लेकीनं वायरला गाठ मारली, ती वेडीवाकडी बसली, तिनं सोडून पुन्हा मारली. "तू हसत होतीस, आई."

सिस्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्या वळल्या आणि डॉक्टरांच्या दारावर दोनदा टकटक करून आत गेल्या.

"तुमची तपासणी चुकली आहे, डॉक्टर. मी कापड काढलं होतं. उजेड दोन्हीकडे पडला. मुलगी बाहेर होती, तिला यातलं काही ठाऊक नाही."

त्यांनी आयुष्यात एकाही केसपेपरवर खोटं लिहिलं नव्हतं. शेवटचं वाक्य मात्र कुठं न अडखळता बाहेर आलं.

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. "किती वेळ?"

"जवळजवळ सगळाच."

"अहो काकू, तुम्ही नर्स ना!"

"हो. पण पेशंट म्हणून अगदीच वाया गेलेली निघाले."

डॉक्टर हसले, कागद जवळ घेतला, पेन उघडलं. "पण काढलंत का? तसं लिहावं लागेल."

पेशंट काय काय सांगतात ते सिस्टरांना पाठ होतं. खाज सुटली. घाम आला. जीव घुसमटला. यातलं काहीही चाललं असतं. 'उकडत होतं' तर अगदी जिभेवर आलं होतं.

"माझे मिस्टर," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. सात महिन्यांत हे दोन शब्द त्यांनी उच्चारले नव्हते. "ते त्या गालाला हात लावून माझा ताप बघायचे."

डॉक्टरांनी लिहिलं नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"चार आठवड्यांनी पुन्हा करू," ते टेबलाकडे बघत म्हणाले. "कंपनीला मी मुदत वाढवून मागतो. या वेळी कापड चिकटपट्टीनं बसवू."

"बसवा," सिस्टर म्हणाल्या.

त्या बाहेर आल्या तेव्हा लेक पॅसेजमध्येच होती. सिस्टरांच्या चष्म्याखालून पाणी उतरत होतं, दोन्ही गालांवरून, आणि कोवळ्या कातडीवर जिथं जिथं पोचत होतं तिथं मिठासारखं झोंबत होतं. त्यांनी तळहात वर नेला. लेकीनं मनगट धरलं.

"पुसायचं नाही, आई. टिपायचं."

तिनं खिशातून गॉजचा तुकडा काढला, घडी उलगडली आणि मग तशीच थांबली.

"झोंबतंय?"

"खूप," सिस्टर म्हणाल्या.

लेकीनं गॉज हातातच ठेवला.