पोपटाने वाचलेली ओळ

माझी ताई जन्मापासून आंधळी आहे आणि मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. यावर करता येण्यासारखे सगळे विनोद लोकांनी करून झाले आहेत, तेव्हा तुम्ही नवीन शोधायच्या भानगडीत पडू नका.

ताई अडतीस अंध माणसांना फोनवरून कॉम्प्युटर शिकवते. पडद्यावर जे येईल ते वाचून दाखवणारा एक आवाज तिच्या कॉम्प्युटरमध्ये आहे, त्याला आम्ही पोपट म्हणतो. तो इतक्या भराभर बोलतो की मला ओ की ठो कळत नाही. माऊस तिने आयुष्यात धरला नाही. सगळं काम बटणांवर, तेही तोंडपाठ. ताईंनी सांगितलं म्हणजे तिच्या विद्यार्थ्यांसाठी विषय संपला. आणि ताई स्वतः कुणाचं ऐकते, तर माझं. चव्वेचाळीस वर्षांचा घोडा झालो तरी मी तिचा बारक्याच, पण कॉम्प्युटरची देखभाल बारक्याकडे.

रविवारी सकाळी मी चहा गाळत होतो, तेवढ्यात आतून हाक आली.

"बारक्या, इकडे ये रे. मान्यतेचं पत्र आलंय बहुतेक!"

आपल्या वर्गाला मान्यता मिळावी म्हणून तिने चार महिन्यांपूर्वी एका संस्थेकडे अर्ज केला होता. मी गाळणं हातात धरूनच दारात गेलो.

"फाइल उघडली," ती म्हणाली, "पण ती म्हणतेय, दुसरा प्रोग्राम चालवायची परवानगी द्या. कागद आहे ना हा? कागदाला प्रोग्राम कशाला चालवायचाय?"

मी लांबूनच पाहिलं. वर संस्थेचं चिन्ह, खाली गोल शिक्का, झोकदार सही. मध्ये एक छोटी चौकट, 'हो' आणि 'नाही'. गाळण्यातून फरशीवर चहा ठिबकत होता आणि मला त्याचीच चिंता.

"अगं, शिक्का दिसतोय मला. किती शंका काढशील? दाब 'हो'."

"तू बघतोयस ना नीट?"

"बघतोय गं बाई!"

तिने 'हो' दाबलं. पत्रात दोन ओळी होत्या, अर्ज विचाराधीन असल्याच्या. ती जरा हिरमुसली. मी चहा दिला, फरशी पुसली, आणि अर्ध्या तासाने फोन वाजला.

तिच्या वर्गातले गायनमास्तर होते. वय वर्षं एकाहत्तर. बारा वर्षं ते स्वतः बांधलेल्या चाली कॉम्प्युटरवर गाऊन साठवत होते. ताईने फोन स्पीकरवर टाकला.

"बाई, तुमचं पत्र आलं, ते उघडलं," मास्तर म्हणाले. "आता माझी एकही चाल लागत नाही. सगळ्या फायलींची नावं बदललीत. कसलासा निरोप आलाय, कुलूप लावलंय म्हणतो."

"माझं पत्र? मी काही पाठवलं नाही, मास्तर."

"तुमच्याच पत्त्यावरून आलंय. त्याने परवानगी मागितली, मी दिली. म्हटलं, बाईंचं आहे."

ताईचा चेहरा पांढरा पडला. मी तिला इतक्या वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. तिने तिच्या धड्यांचा फोल्डर उघडला. पोपट एकेक नाव वाचत होता आणि प्रत्येक नावाला तीच अनोळखी शेपटी लागलेली होती. सात वर्षांचे धडे. 

"मास्तर," तिने विचारलं, आवाज कसाबसा सावरत, "वेगळ्या डिस्कवर कॉपी केली होती ना? मी शिकवलं होतं."

"केली होती की. डिस्क जोडलेलीच असते कायम. तीही गेली."

मास्तर म्हणाले, "तुमचा दोष नाही, बाई," आणि ते ऐकून ताई रडायला लागली.

मी धावत जाऊन वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाईंना घेऊन आलो. त्यांनी आल्या आल्या इंटरनेटची वायर उपटली. ताईच्या मेलमधून तेच पत्र अडतीसच्या अडतीस जणांना गेलं होतं.

"कमाल आहे," दुरुस्तीवाल्या बाई म्हणाल्या. "फायली उघडणाऱ्या रीडर प्रोग्राममधली ही फट तर दीड वर्षापूर्वीच बुजवलीय. आताचा रीडर असल्या फाइलसाठी परवानगी विचारत बसत नाही, तिला सरळ अडवतो. तुमचा जुना आहे का?"

"छे," ताई डोळे पुसत म्हणाली. "माझा अगदी ताजा आहे. माझा भाऊ बघतो ते."

हे ती अभिमानाने म्हणाली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

बाईंनी स्वतःला समजावं म्हणून पोपटाचा वेग कमी केला आणि रीडरच्या माहितीची खिडकी उघडली. पोपट एकेक शब्द सुटा करत, मख्खपणे बोलला, "शेवटचं अपडेट, दोन वर्षं तीन महिन्यांपूर्वी. आपोआप अपडेट, बंद."

ताईने मान माझ्याकडे वळवली. मी कुठे उभा आहे ते तिला बरोबर कळतं.

आता लपवण्यात काय हशील? त्या वेळी एका अपडेटने सगळी बटणं इकडची तिकडे झाली होती. एका दिवसात ताईने मला दुकानात सात फोन केले, गिऱ्हाइकाची फ्रेम हातात असताना. आठवा नको म्हणून मी संध्याकाळी येऊन जुनी आवृत्ती परत घातली आणि अपडेट कायमचं बंद केलं. दर महिन्याला ती विचारायची, झालंय ना अपडेट? मी पेपरातून डोकं न काढता 'झालंय' म्हणायचो. मी ते जसंच्या तसं सांगून टाकलं. माझीच लाज वाटत होती मला.

"सात फोनांसाठी?" ती म्हणाली.

"हो."

"सांगायचंस ना. बटणं पुन्हा पाठ केली असती मी. एका दुपारचं काम."

ती ओरडली असती तर मला सोसलं असतं. तिने फोन उचलला आणि यादीतला पहिला नंबर लावला.

"माझ्या नावाने आलेली फाइल उघडू नका. उघडली असेल तर आधी इंटरनेटची वायर काढा, आणि कॉपीची डिस्क जोडलेली असेल तर तीही. नाही उघडली? देव पावला. आता सांगा, तुमचा रीडर अपडेट आहे?"

पलीकडून एक बाई आनंदाने म्हणाल्या, "आहे ना ताई, आमचा मुलगा बघतो सगळं."

मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो.

"मुलगा बघतो हे नका सांगू मला," ताई म्हणाली. "बटणांवर बोटं ठेवा आणि स्वतःच्या कानांनी ऐका. माझाही भाऊच बघत होता."