केशवरावांच्या घरची वेळ

मी वरठीच्या केशवरावांचा टीव्ही बोलतोय. जरा भरभर बोलतोय, सांभाळून घ्या. ज्या घराच्या भिंतीवर मी टांगलेला आहे, तिथं सावकाश बोलायची सोयच नाही. इथं चहा उकळायच्या आधी गाळणी हातात असते आणि गाडी यायच्या कितीतरी आधी माणूस फलाटावर असतो. अशा घरात भिंतींनाही धाप लागेल, मग माझी काय कथा!

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. कोणी काच बसवली, कोणी पाठ लावली, कोणी पोटात वायरी भरल्या. आई कोण नि बाप कोण, काही पत्ता नाही. मग थर्माकोलमध्ये आवळून खोक्यात घातलं, आणि डोळे उघडले ते थेट भंडाऱ्याच्या एका दुकानात. तिथं दिवसभर तेच धबधबे आणि तेच रंगीत मासे दाखवून माझा जीव विटला होता. कोणीतरी घरी न्यावं म्हणून मी ताटकळत उभा होतो.

एक दिवस हे तिघं आले. पुढं केशवराव, उंच नि काटकुळे, चालणं असं की मागून कोणी हाकलतंय. मागून त्यांच्या घरच्या तुळसाबाई, आणि शेंडेफळ म्हणा, एकुलती एक म्हणा, ती रुचिता. पोरीनं विचारलं, "यात खेळाचं ॲप चालते काय?" केशवरावांनी विचारलं, "यात घड्याळ दिसते काय?" दुकानदार हसला. मीही हसलो. मला काय ठाऊक, पुढं काय वाढून ठेवलंय!

केशवराव वरठीच्या स्टीलच्या कारखान्यात कामाला आहेत. माणूस सोन्यासारखा, पण एक खोड आहे. घरातलं प्रत्येक घड्याळ ते पुढं ठेवतात. भिंतीवरचं पुढं, हातातलं पुढं, फोनमधलंही पुढं. आणि किती पुढं, ते कोणालाच सांगत नाहीत. "सांगतलं का माणूस वजा करते," ते म्हणतात. "अन् वजा केलं का मग ते पुढं ठेवाचं कायले?" म्हणून कधी पंधरा, कधी पंचवीस, मनाला येईल तसा काटा सरकवतात. वस्तीत सगळ्यांना माहीत आहे. शेजारच्या शकुनबाई तर म्हणतात, या घरात दिवाळीसुद्धा लवकर येते.

ही खोड लागली ती रुचितापायी. पोरगी खो-खो खेळते. शाळेत होती तेव्हापासून तिला पहाटे मैदानावर नेऊन सोडायचं काम केशवरावांचं. मोटारसायकलच्या मागं पोरगी डुलक्या घेत बसायची, आणि बाप अंधारात, धुक्यात, कुत्री मागं लागली तरी गाडी हाणायचा. मास्तर फाटक उघडायच्या आधी हे दोघं फाटकाशी उभे. पोरगी एक दिवसही उशिरा पोचली नाही. "सरावाले पहिली येते ते पोट्टी," असं मास्तर चारचौघांत म्हणाले, त्या दिवशी केशवराव पेढे घेऊन आले होते.

तर मी घरी आलो. वस्तीत नेटचं नि डिशचं काम करणाऱ्या अतुलनं मला भिंतीवर बसवलं. बुद्धाच्या मूर्तीच्या वर, खिडकीच्या बाजूला. तुळसाबाईंनी क्रोशाचा रुमाल विणून माझ्या डोक्यावर घातला. रुचितानं खेळाचं ॲप टाकलं, त्यात आपल्या नावाचा एक चौकोन केला, आणि दुसरा केला, त्यावर लिहिलं 'आई'. तुळसाबाई तो चौकोन बघून लाजल्या. "मी काय पाहून राहिली त्यात!" म्हणाल्या, पण दिवसातून दोनदा मला चालू करून तो चौकोन तिथंच आहे ना, हे बघून जायच्या.

संध्याकाळी केशवराव ड्युटीवरून आले. माझ्या कोपऱ्यातले आकडे आणि भिंतीवरचा काटा जुळेना. झालं! "एका घरात दोन वेळा? हे चालन काय?" रिमोट घेऊन बसले. खटपट करून, चष्मा वर-खाली करून, त्यांनी माझी आपोआप चालणारी वेळ बंद केली आणि मला भिंतीच्या घड्याळाच्या जोडीला आणून बसवलं.

रात्री बाप झोपल्यावर रुचितानं गुपचूप माझी वेळ पुन्हा बरोबर केली. दुसऱ्या दिवशी बापानं पुढं केली. पोरीनं मागं केली. असं किती दिवस चाललं म्हणून सांगू! दोघंही एकमेकांना एका शब्दानं बोलत नव्हते. बापाचा फोनसुद्धा ती अशीच मागं करून ठेवायची. तुळसाबाई स्वयंपाकघरातून सगळं बघायच्या आणि पदराआड हसायच्या. मी बिचारा मधल्यामध्ये. खरी वेळ सांगावी तर बाप नाराज, खोटी सांगावी तर ॲप नाराज.

हो, ॲप! त्याचं एक गुपित आहे. त्याच्या दारावर एक दरवान बसलेला असतो, असं समजा. मी गेलो की तो विचारतो, किती वाजले? माझं उत्तर त्याच्या घड्याळाशी जुळलं तर आत सोडतो. नाही जुळलं तर दार बंद. आणि दार का बंद केलं, तेही सांगत नाही मेला! नुसतं म्हणतो, 'काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.'

दिवाळी उलटल्यावर रुचिताची राज्याच्या टीममध्ये निवड झाली. आधी शिबिर, मग तिकडं लांब दुसऱ्या राज्यात स्पर्धा. बॅग भरून पोरगी गेली. आणि त्या रात्रीपासून माझी वेळ मागं करणारं घरात कोणी उरलं नाही.

टीम अंतिम सामन्यात पोचल्याचा फोन आला, तेव्हा घरात नुसता धिंगाणा. सामना दुसऱ्या दिवशी चारला, त्या ॲपवर थेट दिसणार. तुळसाबाईंनी मजुरीला येत नाही म्हणून सांगितलं. ऐन धानकापणीत! शकुनबाई चिवडा घेऊन आल्या. केशवराव सुट्टी टाकून कधीचे तयार, अंगात इस्त्रीचा सदरा, जणू कॅमेरा त्यांनाच दाखवणार आहे.

मला चालू केलं. 'आई'वर बोट दाबलं. चक्र फिरलं. फिरलं, फिरलं, फिरलंच. मग काळी पाटी: काहीतरी चुकलं.

"काहून नाही लागून राहिलं जी?" तुळसाबाईंचा आवाज लगेच कापरा.

केशवरावांनी मला बोर्डावरून बंद केलं, चालू केलं. पुन्हा तेच. माझ्या पाठीत एक थाप दिली. जुन्या डब्यांना थाप मारली की मुंग्या जायच्या म्हणे. माझ्यात मुंग्याच नाहीत, तर जातील कुठून? पण सांगतो कोणाला! माझ्या रिमोटवर बोलायचं बटण आहे. ते दाबून माणसं मला हुकूम सोडतात. मी काही बोलू शकेन असं बटण मात्र कोणी केलेलं नाही. मी आतल्या आत तडफडत होतो.

"नजर लागली बाई याले," शकुनबाई म्हणाल्या. "मीठमोहऱ्या ओवाळ."

"मीठ तुमच्या चिवड्यात टाका, शकुनबाई. त्यात कमी हाये," तुळसाबाई तडकल्या. एरवी त्या असं बोलत नाहीत.

अतुलला फोन गेला. तो धावत आला. "जयभीम काका. काय झालं?"

"मले कायले विचारतं? तूच लावला नं याले!"

अतुलनं राउटर बंद करून चालू केला. नेट तर धडधडीत होतं. ॲपमधला साठलेला कचरा साफ केला. चक्र फिरायचं, काळी पाटी यायची. केशवरावांचा फोन घेतला, त्यातही पोरीनं तेच ॲप टाकून दिलेलं होतं. तिथंही चक्र, तिथंही पाटी. "मंग ॲपच बसलं असन," म्हणून त्यानं आंधळगावच्या एका गिऱ्हाइकाला फोन लावला. तिथं सगळं छान दिसत होतं.

"आता लॉगआउट करून पाहतो," अतुल म्हणाला.

"थांब!" तुळसाबाई ओरडल्या. "पुन्हा आत जाताना तो नंबर कोणाच्या फोनवर येते?"

"ओटीपी? रुचिताच्या."

"अन् तिचा फोन कुठं हाये? मॅचच्या वेळी सरांच्या बॅगेत राह्यते. मंग काय करशीन?"

अतुलनं रिमोटवरचं बोट चटकन उचललं. त्याच्या स्वतःच्या फोनवर सामना लावायचा तरी तोच नंबर लागणार, म्हणून तीही वाट बंद होती.

तुळसाबाईंनी माझ्या कोपऱ्यात पाहिलं. सव्वाचार. या घरातली वेळ पुढं असते, हे त्या धांदलीत कोणाच्या लक्षात यावं! त्या मटकन खाली बसल्या.

"गेली माही पोरगी धावून," त्या म्हणाल्या. "शाळेत खेळे तवा मी धानाच्या रोवण्यात. जिल्ह्याले खेळली तवा कापणी. कप दिसले मले, मेडलं दिसले, पण ते पोरगी धावते कशी, हे मी आजवर पाह्यलं नाही. आज म्हटलं, घरात बसून पाहीन. तं हा डबा..."

डबा म्हणाल्या मला. त्याचं काही वाटलं नाही. पण त्या रडत होत्या, आणि माझ्या काळ्या काचेत त्यांचाच चेहरा त्यांना दिसत होता. याहून वाईट चित्र मी आजवर दाखवलेलं नाही.

केशवराव खोलीत येरझाऱ्या घालत होते. खिडकी, दार, खिडकी, दार. मग तुळसाबाईंनी एकाएकी डोळे पुसले.

"अतुल, टीव्हीत अन् यांच्या फोनात, दोघातही एकच बिमारी कशी रे?"

"तेच तं समजून नाही राहिलं काकू."

"दोघाच्याही घड्याळाले यांचा हात लागला हाये. पोरगी होती तवा ते मागं करे. ते गेल्यापासून कोणी केलंच नाही."

केशवराव जागीच थांबले. अतुलनं आपला फोन काढून माझ्या आकड्यांशी धरला आणि कपाळावर हात मारला. "अजी काका! याचीबी वेळ पुढं हाये काय? मंग ते ॲप आत सोडन कसं! आणा रिमोट."

"हात नको लावू," केशवराव म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण रिमोट घट्ट धरलेला. "याच वेळेनं माही पोरगी टीमात गेली. एक दिवस उशीर नाही होऊ देल्ला मी. एक दिवस नाही."

शकुनबाईंनी चिवड्याचा घास तोंडातच धरला. तुळसाबाई उठल्या, नवऱ्याजवळ गेल्या.

"ते पोचली जी," त्या म्हणाल्या. "तिले आता कुठं नेऊन सोडाचं नाही. पोचाचं आपल्याले हाये."

केशवरावांनी रिमोट अतुलला दिला नाही. स्वतःच दाबला. दोनदा भलत्याच जागी गेले, परत आले. शेवटी ती ओळ सापडली. आपोआप वेळ. त्यांनी बटण दाबलं, आणि माझ्या अंगातून काटा निघावा तसं मला मोकळं वाटलं. कोपऱ्यातले आकडे मागं उडाले. चार वाजायला चार मिनिटं.

"अजी!" तुळसाबाई किंचाळल्या. "चार नाही वाजले अजून!"

"बाप्पा! म्हणजे इतके साल पहाटी गाडी काढून या माणसानं आमाले उगाच उठवलं," शकुनबाई म्हणाल्या, पण ऐकतं कोण!

'आई'वर बोट दाबलं. चक्र फिरलं, आणि दार उघडलं. हिरवी मॅट, दोन खांब, आणि ओळीत उभ्या असलेल्या पोरी. तिसरी रुचिता. केस करकचून बांधलेले, नजर समोर. तुळसाबाई उठून माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी पोरीच्या तोंडावर तळहात ठेवला. धान कापून खरखरीत झालेला हात. मला तो अजून जाणवतो.

"किती वाळली माय," त्या म्हणाल्या.

केशवराव म्हणाले, "बाजूले हो ना, मले दिसू दे." आणि सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

सामना रुचिताची टीम हरली, अगदी थोडक्यात. पण शेवटच्या तुकडीत ती धावायला उतरली, ती शिट्टी होईपर्यंत कोणाच्या हाती लागली नाही. एवढा वेळ तुळसाबाई उभ्याच होत्या. पोरीनं खांबाला गिरकी घेतली की इकडं यांचं अंग वळायचं. मी जीव तोडून चित्र दाखवलं. एकदाही चक्र फिरू दिलं नाही.

चार दिवसांनी रुचिता घरी आली. जेवण झालं, बाप आडवा झाला, तशी तिनं सवयीनं रिमोट उचलला आणि माझी वेळ मागं करायला गेली. पाहते तो आधीच बरोबर! ती बापाकडं वळली. केशवराव डोळे मिटून पडले होते, पण जागे होते.

"राहू दे," ते म्हणाले. "त्याची राहू दे तशीच. भिंतीवरची मात्र पुढंच राहीन. उद्या पहाटी तुले मैदानावर जाचं हाये का नाही?"

रुचितानं रिमोट खाली ठेवला. जाऊन बापाच्या पायाशी बसली.

तर असा मी. क्रोशाचा रुमाल आता थोडा विटला आहे, रिमोटच्या झाकणाला रबर लावलंय. घर अजून तसंच घाईत आहे, समोरच्या भिंतीवरचा काटा मला रोज हिणवतो, आणि मीही त्याला भीक घालत नाही. तुमच्या घरी माझा एखादा भाऊ असा अडून बसला, तर बाबांनो, त्याच्या पाठीत थाप घालू नका, त्याला डबा म्हणू नका. आधी त्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडं बघा. आणि ते पुढं असलं, तर पुढं कोणी नि कोणासाठी केलं, तेही जरा विचारा. मग हळूच मागं करा.

बस, आता थांबतो. तुळसाबाई येताहेत. त्यांना तो सामना पुन्हा बघायचा आहे.